खिडकी सरकवली की मागे तिची शेपटी उरते : लिनक्स मिंट, एक्सएफसीई

देवघेव_काउंटर (धागाकर्ते)

नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभाग सांभाळतो. आमच्या काउंटरवरील संगणक सुमारे दहा वर्षांचा आहे. त्यात ४ जीबी रॅम आणि प्रोसेसरमध्येच असलेली ग्राफिक्स आहे, पडदा १३६६ × ७६८ पिक्सेलचा आहे आणि प्रणाली लिनक्स मिंट २१ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती आहे. दिवसभर साधारणपणे तीनच गोष्टी उघड्या असतात : कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममधील देवघेव नोंदवही, जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पानांचे फोल्डर, आणि विलंबशुल्क मोजण्यासाठी गणकयंत्र. पडदा लहान असल्यामुळे या खिडक्या एकमेकींवर चढलेल्याच असतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

गेल्या काही आठवड्यांपासून मात्र एक खिडकी दुसरीवरून सरकवली की मागे तिची शेपटी उरते. गणकयंत्र डावीकडून उजवीकडे नेले, तर त्याच्या कडा आणि आकड्यांची बटणे वाटेवर जागोजागी उमटून राहतात, जणू ओल्या रंगावरून कोणी हात फिरवला आहे. कधीकधी नोंदवहीतील सभासदांची नावे फोल्डरच्या खिडकीत दिसतात आणि खरे काय व उरलेले काय हे कळेनासे होते. परवा मी एका सभासदाला दुसऱ्याच्याच नावावरील पुस्तक वाचून दाखवले.

सकाळी ८ ते ११ या वेळेत हा त्रास सहसा होत नाही. सायंकाळी ४:३० ते ८ या वेळेत, विशेषतः सव्वापाचनंतर, तो हमखास होतो. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की त्या दिवसापुरता प्रश्न मिटतो. गावातील दुरुस्ती करणाऱ्यांनी सर्व काही पुसून नव्याने प्रणाली टाकण्याचा सल्ला दिला आहे, पण नोंदवहीची व्यवस्था लावण्यात माझे दोन महिने गेले असल्यामुळे तो मार्ग मला शेवटचाच ठेवायचा आहे.

दुसरी, लहान अडचण म्हणजे गणकयंत्र नेहमी सर्वांच्या वरच राहते. नोंदवहीवर टिचकी मारली तरी ते मागे जात नाही. दोन्हींचे कारण एकच असावे असा माझा अंदाज आहे.

जुना_खोका

सकाळी ठीक आणि सायंकाळी बिघाड, याचा अर्थ उष्णता. दहा वर्षांच्या संगणकात प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळून गेलेला असतो आणि पंख्यात धूळ साठलेली असते. दिवसभर चालून यंत्र तापले की चित्र बिघडू लागते, आणि पुन्हा चालू करताना मधल्या वेळात ते थोडे निवते, म्हणून बरे वाटते. प्रथम पंखा स्वच्छ करून घ्या.

ओघळ

गणकयंत्राचा प्रश्न सोपा आहे आणि त्याचा शेपटीशी संबंध नाही. त्याच्या शीर्षकपट्टीवर उजवी टिचकी मारा. यादीत ‘ऑलवेज ऑन टॉप’ निवडलेले आढळेल. त्याऐवजी ‘सेम ॲज अदर विंडोज’ निवडा.

शेपटीबद्दल मात्र एक गोष्ट आधी ठरवावी लागेल, ती म्हणजे हा दोष संगणकाने रचलेल्या चित्रात आहे की ते चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर आहे. मॉनिटरची व्हीजीए केबल खराब असेल तर अक्षरांच्या उजव्या बाजूला फिकट सावली दिसते, पण ती साऱ्या पडद्यावर सारखीच असते आणि खिडकी हलवण्याची वाट पाहत नाही. पडद्यावरच जुने चित्र चिकटून राहण्याचाही एक प्रकार असतो, तो अंधूक असतो. निर्णय करण्यासाठी शेपटी दिसत असतानाच प्रिंट स्क्रीनची कळ दाबून पडद्याचे चित्र साठवा आणि ते मोबाइलवर उघडून पाहा. त्यात शेपटी असेल, तर केबल आणि मॉनिटर निर्दोष आहेत.

देवघेव_काउंटर

गणकयंत्र मागे जाऊ लागले. आभारी आहे, ती खूण कोणी केली होती हे मला ठाऊक नाही.

पंखा स्वच्छ करून घेतला, खरोखरच पुष्कळ धूळ निघाली, परंतु सायंकाळी सव्वापाचला शेपटी परत आली. पडद्याचे चित्र मोबाइलवर पाहिले. त्यात शेपटी स्पष्ट दिसते.

सायबर_कट्टा

हे वाचून जुने दिवस आठवले. २००३-०४ च्या सुमारास ज्यांनी सायबर कॅफेत तासाला पैसे मोजले, त्यांना विंडोज एक्सपीवरील हे दृश्य आठवत असेल : एखादा प्रोग्रॅम अडकला की त्यावरून त्रुटीची सूचना देणारी छोटी खिडकी फिरवायची आणि पडदाभर तिची नक्षी काढायची. आम्ही मुले तो खेळ समजत असू. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आले, त्यात प्रत्येक खिडकीचे चित्र स्वतंत्र साठवून नंतर एकत्र मांडणारी व्यवस्था होती, आणि ती चालू असेल तेथे हा खेळ संपला. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ती व्यवस्था बंदच करता येत नाही.

लिनक्सवर मात्र ती बंद करता येते, आणि माझा संशय तेथेच आहे. तिला कंपोझिटर म्हणतात. पडताळणीसाठी संगणकावर एक नवे वापरकर्ता खाते तयार करा, सायंकाळी त्यात प्रवेश करून त्याच तीन खिडक्या उघडा आणि तोच प्रयोग करा. नव्या खात्यात शेपटी नसेल, तर यंत्र निर्दोष आहे आणि दोष आपल्या खात्यातील एखाद्या जुळणीत (सेटिंगमध्ये) आहे.

अवांतर : १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत प्रोग्रॅमच्या खिडक्या एकमेकींवर चढतच नसत, फरशांसारख्या शेजारी शेजारी बसत. १९८७ अखेर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या एकमेकींवर येऊ लागल्या.

नवा_सभासद_४१

एवढा वेळ घालवण्यापेक्षा फॉरमॅट करून टाकावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

ओघळ

धागाकर्त्यांनी तो मार्ग शेवटचा ठेवायचा असल्याचे पहिल्याच लेखात सांगितले आहे. शिवाय कारण न कळता फॉरमॅट केले, तर तेच कारण महिन्याभरात पुन्हा उभे राहू शकते.

देवघेव_काउंटर

आपला अंदाज खरा ठरला. नव्या खात्यात पंधरा मिनिटे खिडक्या फिरवल्या, एकदाही शेपटी आली नाही.

त्यानंतर माझ्या खात्यात ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ उघडून ‘कंपोझिटर’ हा विभाग पाहिला. ‘एनेबल डिस्प्ले कंपोझिटिंग’ समोरची खूण काढलेली होती. दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयातील एक विद्यार्थी सुट्टीत मदतीला येत असे. संगणक हळू चालतो अशी तक्रार केल्यावर त्याने काही जुळण्या बदलल्या होत्या, त्यांपैकी ही असावी. आता प्रश्न असा की ती खूण पुन्हा केल्यास ४ जीबीचा संगणक मंदावेल का?

जुना_खोका

उष्णतेचा अंदाज चुकला, हे मान्य. पण कंपोझिटर चालू करण्याच्या मी विरुद्ध आहे. प्रत्येक खिडकीचे चित्र वेगळे साठवायचे म्हणजे रॅम जाणारच, आणि जुन्या संगणकांसाठी सर्वत्र हाच सल्ला दिला जातो की तो बंद ठेवावा.

सायबर_कट्टा

सल्ला सर्वत्र दिला जातो हे खरे, पण हिशेब करून पाहावा. १३६६ × ७६८ म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. एका ठिपक्याला ४ बाइट धरल्यास पडदाभर पसरलेल्या खिडकीसाठी ४१,९६,३५२ बाइट, म्हणजे सुमारे ४ एमबी लागतात. तीन खिडक्यांचे १२ एमबी झाले. ब्राउझरमध्ये वर्तमानपत्राचे एक संकेतस्थळ उघडले तर याच्या कितीतरी पट रॅम जाते. ग्राफिक्सवर थोडा भार पडतो, तो नाकारत नाही, पण कॅल्कमधील नोंदवहीसाठी तो जाणवू नये. निःशंकपणे चालू करा.

शाई_दौत

धागाकर्त्यांना विनंती आहे की त्यांनी ती खूण आज करू नये. आणखी एक सायंकाळ शेपटी सहन करावी, कारण ती काहीतरी सांगत आहे आणि कंपोझिटर चालू होताच ती बोलायची थांबेल.

कारण समजावून सांगतो. कंपोझिटर नसताना पडदा हा वर्गातील एका फळ्यासारखा असतो. सर्व प्रोग्रॅम त्या एकाच फळ्यावर आपापल्या वाट्याच्या चौकटीत लिहितात, आणि वरच्या खिडकीने झाकलेल्या भागात काय होते याची नोंद फळा ठेवत नाही. वरची खिडकी बाजूला झाली की एक्स सर्व्हर, म्हणजे फळ्याचा राखणदार, खालच्या प्रोग्रॅमला निरोप पाठवतो : तुझा एवढा भाग उघडा पडला आहे, तो पुन्हा लिहून दे. या निरोपाला ‘एक्स्पोज’ असे नाव आहे आणि १९८७ च्या एक्स ११ पासून तो असाच चालत आला आहे. निरोप मिळताच प्रोग्रॅमने तो भाग लिहून दिला, तर आपल्याला काहीच कळत नाही. त्याने दिला नाही, तर वरच्या खिडकीचे उरलेले अक्षर तसेच राहते. त्यालाच आपण शेपटी म्हणत आहोत.

कंपोझिटर असताना प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची पाटी मिळते आणि एक व्यवस्थापक त्या पाट्या एकावर एक रचून पडद्यावर दाखवतो. खिडकी सरकली तर व्यवस्थापक फक्त पाट्यांची रचना बदलतो, खालच्या प्रोग्रॅमला काहीही विचारत नाही. लिनक्सच्या जगात यासाठी लागणारी सोय सप्टेंबर २००४ मध्ये एक्स ऑर्गच्या ६.८ या आवृत्तीत आली.

आता मुद्दा असा की कंपोझिटर बंद असलेले हजारो संगणक आजही कोणत्याही शेपटीविना चालतात, आणि आपलाही दोन वर्षे तसाच चालत होता. तेव्हा कंपोझिटर बंद असणे हे शेपटी दिसण्याचे निमित्त आहे. मूळ कारण नव्हे. मूळ कारण असे की आपल्या संगणकावरील कोणता तरी प्रोग्रॅम सायंकाळी सव्वापाचनंतर निरोपाला उत्तर देत नाही. आणि तो प्रोग्रॅम गणकयंत्र नव्हे. जे सरकते त्याच्यावर आपण सर्वजण डोळा ठेवून बसलो आहोत, पण शेपटी ज्याच्या अंगणात पडून राहते त्याची चौकशी व्हायला हवी.

उद्या सायंकाळी कृपया पुढील गोष्टी पाहाव्यात. गणकयंत्र सावकाश नोंदवहीवरून, मग फोल्डरच्या खिडकीवरून, मग मोकळ्या डेस्कटॉपवरून न्यावे आणि शेपटी कोठे टिकते व कोठे लगेच पुसली जाते याची नोंद करावी. जेथे टिकते तेथे शीर्षकपट्टीचे काय होते तेही पाहावे, कारण शीर्षकपट्टी प्रोग्रॅम काढत नाही, खिडकी व्यवस्थापक काढतो. शेवटी टास्क मॅनेजर उघडून त्यात ‘स्टेट’, म्हणजे प्रोग्रॅमची अवस्था, हा स्तंभ दिसेल असे करावे आणि थुनार (फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) व कॅल्क यांच्यासमोर कोणते अक्षर व किती टक्के सीपीयू आहे ते लिहून घ्यावे.

आणखी एक विचारायचे राहिले. नव्या खात्यात शेपटी आली नाही हे कळले, पण तेथे स्कॅनचे फोल्डर उघडले का?

देवघेव_काउंटर

आपल्या सूचनेप्रमाणे खूण केलेली नाही. काल सायंकाळी ५:२५ वाजता, काउंटरवर सभासदांची रांग असताना, जमेल तसा प्रयोग केला.

नोंदवहीवर शेपटी क्षणभरही टिकत नाही. मोकळ्या डेस्कटॉपवरही नाही. केवळ थुनारच्या खिडकीत टिकते आणि तीही पूर्ण खिडकीत नाही : शीर्षकपट्टी स्वच्छ राहते आणि तिच्याखालचा सर्व भाग गणकयंत्राच्या ठशांनी भरून जातो. नोंदवहीतील नावे जेथे दिसत होती ती जागाही थुनारचीच होती, हे आता लक्षात आले. थुनारची खिडकी खाली दडवून ठेवली की उरलेल्या दोन खिडक्या कशाही फिरवा, काहीही होत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये थुनारसमोर सीपीयू ० टक्के आणि स्टेटमध्ये ‘डी’ असे अक्षर आहे. कॅल्कसमोर ‘एस’ आहे.

नव्या खात्यातील फोल्डरबद्दल विचारलेत, तर ते उघडले नव्हते. खिडकी आली, पण आत पाने दिसली नाहीत आणि चक्र फिरत राहिले. शेपटीचा प्रयोग करायचा असल्यामुळे मी तिकडे लक्ष दिले नाही आणि येथेही लिहिले नाही. ती चूक माझी.

सायबर_कट्टा

मीच सुचवलेल्या प्रयोगाचा अर्थ मी अर्धवट लावला, हे कबूल करतो. नव्या खात्यात थुनार अडकलेलाच होता. तेथे कंपोझिटर चालू असल्यामुळे त्याची पाटी शाबूत राहिली आणि आम्हाला तो निरोगी वाटला.

शाई_दौत

‘डी’ या अक्षराने बरेच काम सोपे केले. थुनार जर कामात गढून गेला असता तर सीपीयूचा आकडा चढलेला दिसला असता. तो शून्यावर आहे आणि अवस्था ‘डी’ आहे, म्हणजे तो कर्नलमार्फत (प्रणालीच्या गाभ्यामार्फत) एखादी फाइल किंवा फोल्डर मागून थांबला आहे आणि उत्तर येईपर्यंत दुसरे काहीही करू शकत नाही, पडदा रंगवून देणेही नाही. हार्ड डिस्कची चकती बिघडल्यामुळे असे होऊ शकते, परंतु चकती घड्याळ पाहून बिघडत नाही.

म्हणून विचारतो : ते स्कॅनचे फोल्डर याच संगणकावर आहे की दुसरीकडे? आणि सायंकाळी पाचच्या सुमारास वाचनालयात काय बंद होते?

देवघेव_काउंटर

हा प्रश्न वाचून मी काही वेळ तसाच बसून राहिलो.

स्कॅनची पाने या संगणकावर नाहीत. ग्रंथसंग्रहाच्या खोलीत दुसरा संगणक आहे, त्यावर आमचे एक सहकारी ११ ते ५ या वेळेत जुनी पुस्तके स्कॅन करतात. सभासदांनी मागितल्यास पाने दाखवता यावीत म्हणून ते फोल्डर जाळ्यावरून काउंटरवर जोडलेले आहे. सकाळी ते सहसा जोडलेले नसते, कारण तो संगणक तेव्हा बंद असतो. सहकारी ११ वाजता आले की मी दुपारच्या सुट्टीसाठी निघण्यापूर्वी थुनारच्या कडेच्या पट्टीतील त्या फोल्डरवर टिचकी मारून ते जोडून ठेवतो. काउंटरचा संगणक दुपारी चालूच असतो. ५ वाजता सहकारी आपला संगणक बंद करून, खोलीला कुलूप लावून घरी जातात.

पूर्वी ते सायंकाळी आठपर्यंत थांबत. त्यांची वेळ बदलली त्याला अदमासे दीड महिना झाला, आणि माझा त्रास सुरू झाला त्यालाही तेवढेच दिवस झाले आहेत.

ओघळ

फोल्डर कोणत्या पद्धतीने जोडले आहे? दोन्ही संगणकांवर लिनक्स असेल तर बहुधा एनएफएस, म्हणजे जाळ्यावरून फोल्डर वापरू देणारी पद्धत, असावी. तसे असल्यास सारे जुळते.

देवघेव_काउंटर

होय, एनएफएस. जोडणीची ओळ त्याच विद्यार्थ्याने एफएसटॅब या, कोणते फोल्डर कसे जोडायचे हे सांगणाऱ्या, फाइलमध्ये लिहून दिली होती. तीत फोल्डरचा पत्ता आणि आपोआप न जोडण्याची सूचना आहे. बाकी सर्व मूळ पद्धतीप्रमाणे आहे.

शाई_दौत

मग निदान झाले. एनएफएसची जोडणी मुळात ‘हार्ड’ प्रकारची असते. पलीकडचा संगणक नाहीसा झाला, तर अलीकडचा कर्नल हार मानत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि विचारणाऱ्या प्रोग्रॅमला तोवर रोखून धरतो. हा दोष नाही, हेतुपुरस्सर केलेली रचना आहे : मोठ्या कार्यालयात मुख्य संगणक दहा मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाला, तर लिहिले जात असलेले काम अर्धवट न तुटता जेथल्या तेथे पुढे सुरू व्हावे, यासाठी ती आहे. आपल्याकडे मात्र पलीकडचा संगणक दुसऱ्या दिवशी ११ वाजता परत येतो. तोपर्यंत थुनार दाराशी उभा.

सकाळी त्रास का नाही, सव्वापाचलाच का, पुन्हा चालू केल्यावर बरे का वाटते आणि शेपटी केवळ थुनारमध्येच का, या चारही गोष्टींचे उत्तर यात आले.

उपाय दोन पातळ्यांवर आहे. सर्वांत साधा असा की सहकारी घरी निघण्यापूर्वी काउंटरवरील ते फोल्डर कडेच्या पट्टीतून ‘अनमाउंट’ करावे, म्हणजे त्याची जोडणी सोडावी. परंतु गर्दीच्या वेळी हे रोज लक्षात राहील यावर मी विसंबणार नाही.

दुसरा उपाय एफएसटॅबमधील ओळीत आहे. काउंटरवरून ती पाने केवळ पाहायची आहेत, त्यांत बदल करायचा नाही. तेव्हा त्या ओळीतील पर्यायांत ‘आरओ’, म्हणजे केवळ वाचन, आणि ‘सॉफ्ट’ हे दोन शब्द जोडावेत. ‘सॉफ्ट’मुळे कर्नल ठरावीक वेळा विचारून नाद सोडतो आणि प्रोग्रॅमला त्रुटीची सूचना देऊन मोकळा करतो. त्याच्या जोडीला ‘टाइमओ’ची, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याच्या मुदतीची, किंमत कमी करावी. ती सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात; मूळ किंमत ६००, म्हणजे ६० सेकंद असते, आणि ती ५० केल्यास पहिली वाट ५ सेकंदांचीच पाहिली जाईल. पुढील प्रत्येक वेळी प्रतीक्षा थोडी वाढते, त्यामुळे प्रत्यक्षात थुनार अर्ध्या मिनिटाच्या आसपास मोकळा होईल.

एक इशारा मात्र ठळकपणे लिहितो. ज्या फोल्डरमध्ये आपण लिहितो, तेथे ‘सॉफ्ट’ वापरू नये. मध्येच नाद सोडल्यास फाइल अर्धवट लिहिली जाऊन खराब होऊ शकते, आणि ते त्या क्षणी कळेलच असे नाही. येथे ‘आरओ’ आहे म्हणूनच मी हा सल्ला देत आहे. देवघेव नोंदवही उद्या त्या दुसऱ्या संगणकावर हलवण्याचा विचार झाला, तर ही ओळ तशीच उचलू नये.

बदल करण्यापूर्वी एफएसटॅबची एक प्रत काढून ठेवावी, कारण त्या फाइलमधील चुकीमुळे संगणक चालू होताना अडू शकतो. हे सर्व झाले की मग खुशाल कंपोझिटरची खूण करावी. तेव्हा लपवण्यासारखे काही उरलेले नसेल.

जुना_खोका

मी हा धागा केवळ आपला उष्णतेचा अंदाज सिद्ध होतो का हे पाहण्यासाठी वाचत होतो, आणि हाती वेगळेच लागले. माझ्याकडील २ जीबीच्या संगणकावर कंपोझिटर बंद आहे आणि मोठी खिडकी झपाट्याने हलवली तर ब्राउझरवर क्षणभर ओरखडे दिसतात, पण लगेच पुसले जातात. तेथेही कोणी अडकले आहे का?

शाई_दौत

नाही. लगेच पुसले जातात याचा अर्थ ब्राउझर उत्तर देतो, फक्त त्याला थोडा वेळ लागतो. आपण खिडकी जेवढी ओढता, तेवढे निरोप त्याच्याकडे जमा होतात. कंपोझिटर नकोच असेल तर ‘विंडो मॅनेजर’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या विभागात खिडकी हलवताना आतील मजकूर लपवण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यास सरकताना केवळ चौकट दिसते आणि बोट उचलल्यावर खिडकी नव्या जागी जाते. वाटेवरचे निरोप त्यामुळे जवळजवळ नाहीसे होतात.

सायबर_कट्टा

लहान पडदा वापरणाऱ्यांसाठी अवांतर, पण उपयोगी : एक्सएफसीईमध्ये ऑल्ट कळ दाबून धरून खिडकीवर कोठेही माउसची डावी कळ दाबली आणि ओढले, तर खिडकी हलते. एखादी उंच खिडकी उघडून तिची शीर्षकपट्टी पडद्याच्या वर गेली किंवा ‘ओके’चे बटण खाली गेले, तर याशिवाय गत्यंतर नसते. ७६८ पिक्सेलच्या उंचीत ही वेळ वरचेवर येते.

देवघेव_काउंटर

चार दिवस थांबून लिहीत आहे, म्हणजे खात्रीने लिहिता येईल.

रविवारी एफएसटॅबची प्रत काढून ओळ बदलली, आणि संगणक नव्याने चालू करून दुपारी फोल्डर जोडले. सोमवारी ५ वाजता सहकाऱ्यांनी आपला संगणक नेहमीप्रमाणे बंद केला. ५:२० ला मी कंपोझिटर बंदच ठेवून मुद्दाम फोल्डर ताजे केले आणि गणकयंत्र थुनारवरून फिरवले. प्रथम शेपटी आली, आणि मला वाटले की काही साधले नाही. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. सुमारे अर्ध्या मिनिटाने फोल्डर वाचता येत नसल्याची सूचना पडद्यावर आली आणि त्याच क्षणी सर्व ठसे पुसले जाऊन खिडकी स्वच्छ झाली. हे प्रत्यक्ष पाहिल्यामुळे फळ्याचे उदाहरण मला पुरते समजले. मंगळवारी कंपोझिटर चालू केला. संगणक मंदावल्याचे जाणवत नाही.

सहकाऱ्यांना सर्व हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी मला एका गोष्टीची आठवण करून दिली. सकाळी ते संगणक चालू करत तेव्हा कधीकधी मला काउंटरवर आपोआप स्कॅनची पाने उघडलेली दिसत, आणि मी ती त्यांनीच दुरून उघडली असे समजून एकदा त्यांच्यावर रागावलोही होतो. ज्या दिवशी मी रात्री काउंटरचा संगणक बंद न करता केवळ झोपवून ठेवत असे, त्याच्या दुसऱ्या दिवशीच हे घडत असावे. माझे हे अनुमान बरोबर आहे का?

शाई_दौत

बरोबर आहे. रात्रभर अडकून राहिलेल्या थुनारला ११ वाजता उत्तर मिळाले आणि त्याने आदल्या सायंकाळी मागितलेले फोल्डर उघडून दाखवले. ‘हार्ड’ जोडणीने आपला शब्द पाळला, एवढेच.

देवघेव_काउंटर

सहकाऱ्यांची क्षमा मागितली आहे.

गणकयंत्राबद्दल एक शेवटची नोंद. ते मागे जाऊ लागल्यावर दोन दिवसांतच लक्षात आले की विलंबशुल्क मोजताना दर वेळी त्याला शोधून पुढे आणावे लागते. ती खूण मीच कधीतरी विचारपूर्वक केली असणार. ‘ऑलवेज ऑन टॉप’ पुन्हा निवडले आहे आणि गणकयंत्र पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, नोंदवहीचे स्तंभ संपतात तेथे ठेवले आहे.